बायजासाठी सोडलेली जागा

"बायजा, उतरलीस बघ. घाबरू नको, पुन्हा म्हण."

शेडगे बाईंनी टेबलावरच्या माझ्या मोबाइलला एवढं सांगितलं आणि त्या गप्प झाल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. दिवाळीची सुट्टी लागलेली, शाळेत चिटपाखरू नव्हतं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून संगणक कक्षाच्या खिडक्यांना मी घरच्या गोधड्या टांगल्या होत्या. ज्या मुलीला बाई धीर देत होत्या, ती सातवीतली बायजा येडगे त्या घटकेला वर डोंगरात, धनगरवाड्यावर, म्हशींच्या मागे असणार होती. तरी बाईंनी मान जरा कलती केली, पोरीची ओळ पुरी व्हायची वाट बघितली आणि मग समाधानानं म्हणाल्या, "शाब्बास. आता बरोबर आलीस."

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"बाई, तुम्ही संगीत शिकवता की ज्योतिष बघता? ती उतरणार हे तुम्हाला आत्ताच कसं कळलं?"

"दुसऱ्या ओळीच्या शेवटी वरचा सा आहे. तिथं आली की ती भिते आणि सुरावरून खाली उतरते. पाचवीत आली तेव्हापासून उतरतेय."

"आणि दुसऱ्यांदाही उतरली तर? तुम्ही इकडं शाब्बास म्हणून मोकळ्या."

"दुसऱ्यांदा नाही उतरत. कुणी एकदा घाबरू नको म्हणालं की वर जाते. नेहमी जाते." बाईंनी थर्मासमधलं कोमट पाणी घोटभर घेतलं. गिळताना त्यांनी डोळे मिटले. "चला, लावा पुढचं. आवाज आहे तोवर उरकू."

आवाज आहे तोवर, हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की जणू वीज जायच्या आत दळण उरकायचं होतं. दिवाळी झाली की त्यांचं पुण्याला ऑपरेशन होतं. घशात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. नंतर बोलणं नाही, गाणं तर नाहीच. सबंध शाळेत हे तिघांना माहीत होतं. बाईंना, मुख्याध्यापक जगदाळे सरांना आणि रेकॉर्डिंग करायचं म्हणून मला.

खरं सांगायचं तर माझा आणि सुरांचा छत्तीसचा आकडा. प्रार्थनेलासुद्धा मी हळू आवाजात उभा असतो. पण त्या वर्षी साताऱ्याला प्रशिक्षणाला गेलो होतो आणि येताना पॉडकास्ट हा शब्द घेऊन आलो होतो. शिक्षकानं आपल्या आवाजात पाठ रेकॉर्ड करायचा, मुलांनी तो वर्गात ऐकायचा, घरी ऐकायचा, हवा तिथं थांबवायचा, पुन्हा लावायचा. जगदाळे सर खूश झाले आणि त्यांनी उत्साहानं इतिहासाचे पाच-सहा भाग करून टाकले. पहिला भाग वर्गात लावला तेव्हा निम्मी मुलं झोपली आणि उरलेली निम्मी झोपलेल्यांची गंमत बघत बसली.

बाईंनी तेव्हाच मला सुनावलं होतं. "भोईटे सर, हा तर रेडिओच झाला की."

"रेडिओच. फक्त हवा तेव्हा थांबवता येतो."

"मुलं त्याचं ऐकतील हो. पण तो मुलांचं ऐकतो का? गाणं शिकवायचं म्हणजे निम्मं ऐकणंच असतं."

आणि आता त्याच बाई गोधड्या लावलेल्या खोलीत बसून त्या बहिऱ्या यंत्राला ऐकायला शिकवत होत्या. त्यांची रीत अशी, की आधी पेटीवर सूर धरायचा, ओळ गायची, मग मुलांनी म्हणण्यापुरती जागा मोकळी सोडायची. त्या मोकळ्या जागेत नुसती पेटी मंद वाजत राही. मग त्या जागेच्या शेवटी त्या दुरुस्ती सांगत. कोण कुठं घाई करतं, कोण नाकात गातं, मागच्या बाकावर कोण कोणाला कोपर मारतं, सगळं त्यांना पाठ होतं. "समाधान, हसून झालं असेल तर गा." "मागच्या बाजूनं फार ओरडताय, मेंढरं नाही हाकायची." वर्गातल्या प्रत्येकाचं नाव कुठं ना कुठं आलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. आम्ही सुट्टीभर तेच केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी पेटीचा भाता बंद केला, मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घ्या भोईटे सर. आता मी तुमच्या खिशात."

मी हसलो. बाहेर येऊन गोधड्यांच्या घड्या घालताना मात्र मला रडू आलं.

सुट्टी संपून शाळा भरली आणि संगीताच्या तासाला मी स्पीकर घेऊन सातवीच्या वर्गात गेलो. बाई आजारी आहेत, बऱ्या होऊन येतील, तोवर त्यांचा पॉडकास्ट, एवढं सांगून पहिला पाठ लावला. गाणं बाईंनीच रचलेलं होतं, डोंगरातल्या वाऱ्यावरचं.

माथ्यावरच्या वाऱ्या, जरा खाली उतरून ये रे
दारातल्या दिव्याशी दोन शब्द बोलून जा रे

पोरांनी पहिली ओळ म्हटली आणि स्पीकरमधून बाईंचा आवाज आला, "समाधान, हसून झालं असेल तर गा." समाधान खरंच हसत होता. वर्ग गार पडला. पोरं खिडकीतून बाहेर बघायला लागली, एकानं तर कपाटाच्या मागे वाकून बघितलं.

"सर, बाई कुठनं बघत्यात?"

"बाईंना कान आहेत, डोळे कशाला लागतात?" मी म्हणालो.

मग काय, पोरं वेडीच झाली. बाईंना फसवायचं म्हणून मुद्दाम नीट गाऊ लागली आणि दुरुस्ती चुकली की टाळ्या पिटू लागली. म्हणजे बाईंचा डाव साधला होता, पण हे पोरांना कोण सांगणार? माझ्या पॉडकास्टसारखा श्रोतृवर्ग सबंध तालुक्यात कुणाला मिळाला नसेल.

तिसऱ्या पाठात ते वाक्य आलं. "आता बायजा एकटी म्हणेल. दुसरी ओळ." मग पेटी मंद वाजत राहिली आणि वर्ग बायजाच्या बाकाकडे बघू लागला. बाक रिकामा होता. पेटी थांबली. "बायजा, उतरलीस बघ. घाबरू नको, पुन्हा म्हण." पुन्हा पेटी. "शाब्बास. आता बरोबर आलीस."

तेव्हा तिच्या शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "सर, बायजा आता येणार न्हाई. तिला ममईला धाडली. मामीचं बाळ सांभाळाय."

बाई परत आल्या तेव्हा थंडी सरत आली होती. गळ्याभोवती सुती स्कार्फ, हातात मुलांची पाटी. गळ्याला पाडलेल्या छिद्रातूनच श्वास घ्यावा लागत होता, त्यामुळे स्कार्फ हलत राही आणि एक बारीक आवाज येई. बोलायचं ते पाटीवर लिहीत. अक्षर मुळातच वळणदार, त्यामुळे त्यांचा नुसता 'हो'सुद्धा बघत राहावासा वाटे. मुलांना आता सगळं कळलं होतं. पहिल्या दिवशी पोरं इतकी गप्प बसली, की बाईंनीच पाटीवर लिहिलं, 'माझा आवाज गेलाय, तुमचा नाही.' मग मी स्पीकर लावायचा आणि बाईंनी समोर उभं राहून हातानं सूर वर-खाली दाखवायचा, असा तास सुरू झाला. आवाज मागचा, हात आजचा. पहिले दोन-चार दिवस मला ते बघवलं नाही, मग सवय झाली.

बायजाचं कळल्यावर मात्र बाईंनी मला धरून डोंगरावर नेलं. दम लागत होता, चार पावलांवर थांबावं लागत होतं, पण ऐकेनात. बायजाची आजी अंगणात शेण गोळा करत होती. बाईंनी पाटीवर लिहिलं आणि तिच्यापुढं धरलं. आजीनं पाटी बघितली, बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई बोलत का न्हाईत? रागावल्या व्हय?"

"नाही आजी, त्यांचं ऑपरेशन झालंय. त्या म्हणतात, बायजाला परत आणा. पोरगी हुशार आहे, गळा चांगला आहे."

"त्या म्हनत्यात की तुमी म्हनताय?"

मी आपलं शाळा, शिक्षण, कायदा, सगळं सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं आणि ताक आणून दिलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला, तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा आली. आजी घाबरून मागं सरली. उतरताना बाईंनी एका दगडावर बसून पाटीवर लिहिलं, 'मी बोलले असते तर दिली असती.' मी पाटी वाचली आणि त्यांना परत दिली. खोटं काय सांगायचं, मलाही तसंच वाटत होतं.

संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, "बाई, तो बायजाचा भाग कापून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे. वर्गात उगीच सगळे त्या बाकाकडे बघतात."

त्यांनी इतक्या जोरात मान हलवली, की स्कार्फ सुटला. मग लिहिलं, 'नको. तिला हाक मारणारं आता तेवढंच आहे.'

त्याच सुमाराला वर्गात जुई काळसेकर आली. वडील डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्यांवर कामाला, कोकणातून बदलून आलेले. पोरगी चुणचुणीत, आणि गळा असा, की माझ्यासारखा औरंगजेबसुद्धा मान वर करून बघेल. तिला बायजाच्या रिकाम्या बाकावर बसवलं. आठ-पंधरा दिवस तिनं सगळे पाठ ऐकले आणि एक दिवस तास संपल्यावर बाईंपुढं येऊन उभी राहिली.

"बाई, सगळ्यांची नावं येतात. माझं कुठच्या पाठात आहे?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी स्पीकरची वायर गुंडाळायला लागलो.

"तुझं नाव नाही गं यात," मी शेवटी म्हणालो. "तू नंतर आलीस ना."

"मग आता घाला ना, सर."

लहान पोरगी, तिला काय कळणार. पण तिला लगेच कळलं. बाईंच्या स्कार्फकडे बघून तिचा चेहरा उतरला. "राहू दे," ती म्हणाली. "मी कुणाच्याही नावावर म्हणीन." बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

वर्ष सरता सरता जगदाळे सरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. शिक्षण खात्याचे निकम साहेब तपासणीला येणार होते आणि मुख्य बघणार होते ते संगीताचं पद. ऑपरेशन झाल्याचं वर कुणीतरी कळवलं होतं. शिक्षिका शिकवू शकत नाही असा शेरा पडला, की बाईंना वैद्यकीय कारणावरून निवृत्त करणार, आणि मग ते पद रद्द.

"आणि एकदा पद गेलं की गेलं," सर म्हणाले. "पुन्हा या डोंगरात कोण देतंय संगीत शिक्षक? पेटी कपाटात जाईल. बाई, तुमची तीनच वर्षं राहिलीत. तेवढी निघाली तर पुढचं पुढं बघू."

बाई ऐकत होत्या.

"मी काय म्हणतो, तुमचा आवाज आहेच ना भोईट्यांकडे. तुम्ही कानाला तो माइक लावा. घसा नाजूक म्हणून माइक वापरतात, असं मी साहेबांना सांगतो. माइक असला की आवाज स्पीकरमधूनच येणार, त्यात कुणाला काय दिसतंय? साहेब मागच्या बाजूला बसतील. तुम्ही पेटीमागं बसून फक्त..." सरांची जीभ अडखळली. "फक्त ओठ हलवायचे."

मी बाईंकडे बघायचं टाळलं. कारण ओठ हलवणं हा शब्द या बाईंपुढं काढायची सोय नव्हती. कोणत्याही शाळेत चालतं ते आमच्याकडेही चाले. गॅदरिंगला समूहगीत बसवताना बेसूर पोरांना मागच्या रांगेत उभं करायचं आणि बजावायचं, तुम्ही नुसते ओठ हलवा. बाई आल्या त्या वर्षीच त्यांनी ते बंद केलं. तेव्हा जगदाळे सरच म्हणाले होते, पाहुण्यांसमोर शोभा होईल. बाईंनी सगळ्या स्टाफसमोर उत्तर दिलं होतं, "होऊ दे. बेसूर गायलं तर मी सुरात आणीन. पण उभं राहून खोटं गायला मी पोराला शिकवणार नाही." आणि खरोखर त्या वर्षी आमचं समूहगीत भयंकर झालं होतं. बाई पडद्याआड उभ्या राहून आनंदानं टाळ्या वाजवत होत्या.

आज आवाज नव्हता. त्यांनी पाटी घेतली, खडू उचलला. मग लिहिलं, 'पेटी कपाटात जायला नको.' आणि मान हलवून हो म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या रागावतील. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलांना सगळं समजावून सांगितलं. मुलं अशा कामात पटाईत असतात. साहेबांपुढं काही बोलायचं नाही, पाठ ऐकायचा, नेहमीसारखं म्हणायचं. कोणता पाठ लावायचा हे मात्र साहेबांनीच ठरवलं. "मुलांना डोंगरातल्या वाऱ्याचं गाणं येतं म्हणे," ते खुर्चीवर टेकता टेकता म्हणाले. "तेच शिकवा. मीही डोंगरातलाच आहे." जगदाळे सरांनी आधीच्या चहापाण्यात त्या गाण्याचं कौतुक करून ठेवलेलं; उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. त्या गाण्याची एकट्यानं म्हणायची ओळ कोणत्या पाठात येते हे सरांना ठाऊक नव्हतं. मला होतं; पुरं गाणं त्या तिसऱ्या पाठातच होतं. पण साहेब समोर बसलेले, बाई पेटीमागं, मुलं ताठ. मी तोच पाठ लावला.

बाईंनी ओठ हलवायला सुरुवात केली. मी कोपऱ्यातल्या लॅपटॉपपाशी बसून बघत होतो आणि मला कबूल करावं लागेल, की ते हुबेहूब जमत होतं. स्वतःच्या श्वासाच्या जागा त्यांना पाठ असणारच. स्पीकर गात होता, पेटीवर बोटं फिरत होती, ओठ हलत होते. निकम साहेब मान डोलवू लागले. माणूस भला होता, शेरे मारायची हौस असणाऱ्यांतला नव्हता. बऱ्या होऊन आलेल्या बाईंचं गाणं ऐकून तो मनापासून खूश झाला होता, आणि त्यामुळे मला जास्तच अवघड वाटत होतं.

"आता बायजा एकटी म्हणेल. दुसरी ओळ."

बाईंचे ओठ त्या नावापाशी थांबले. पेटी मंद वाजत राहिली. मुलं पुतळ्यासारखी बसली होती. साहेबांनी मान पुढं काढली. "कोण बायजा? म्हण बाळ, लाजू नको."

आणि जुई उठून उभी राहिली.

तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. बायजाच्या बाकावरून ती उठली, हात मागं बांधले आणि गायला लागली. दारातल्या दिव्याशी, दोन शब्द बोलून जा रे. तिचा तो स्वच्छ गळा ओळीच्या शेवटापर्यंत सरळ गेला आणि वरच्या सुरापाशी येऊन मुद्दाम खाली पडला. मी म्हटलं तसा मी सुरांचा शत्रू, पण मलासुद्धा ते पडणं ऐकू आलं. जी मुलगी आजवर एकदाही चुकली नव्हती, ती बायजा जिथं चुकायची नेमकी तिथं चुकली होती. पाठ तिला पाठ होता. पुढं काय येणार हे तिला माहीत होतं.

"बायजा, उतरलीस बघ. घाबरू नको, पुन्हा म्हण."

"वा," निकम साहेब जगदाळे सरांकडे वळून हळूच म्हणाले. "बाईंचा कान फार तिखट आहे हो. एवढंसं उतरली तर पकडली."

सरांचा चेहरा फुलला. मीही सुटकेचा श्वास टाकला. सगळं निभावलं होतं. पद राहिलं, पेटी राहिली, बाईंची तीन वर्षं राहिली. जुई दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडणार होती.

बाई उठल्या. पेटीवरून हात काढून त्या सरळ माझ्यापाशी आल्या आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. आवाज तुटला. पेटी नाही, बाई नाहीत, वर्गात फक्त त्यांच्या गळ्यातला तो बारीक श्वास ऐकू येत होता. त्यांनी कानाचा माइक काढून टेबलावर ठेवला. परत पेटीकडे गेल्या, भात्यात हवा भरून वरचा सा दाबून धरला आणि दुसरा हात जुईकडे बघत वर नेला. वर, अजून वर.

जुई रडायला लागली होती. पण बाईंचा हात खाली येईना, तेव्हा तिनं डोळे पुसले आणि ओळ पुन्हा म्हटली. या वेळी शेवटचा सूर जिथं लागायचा तिथं लागला. बाईंनी मान हलवली. मग फळ्याकडे गेल्या आणि आपल्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं,

'हिचं नाव जुई काळसेकर. ही चुकली नव्हती.'

निकम साहेबांनी ते वाचलं. मग माइककडे बघितलं, लॅपटॉपकडे, बाईंच्या स्कार्फकडे. त्यांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. ते उभे राहिले आणि बाईंना हात जोडले. "मला लिहावं लागेल, बाई," ते म्हणाले. बाईंनीही हात जोडले.

जून उजाडायच्या आत बाई निवृत्त झाल्या आणि पद रद्द झालं. जगदाळे सर त्या दिवसापासून मला एकच सांगत राहिले, "दोन ओळी राहिल्या होत्या हो भोईटे. फक्त दोन ओळी." पेटी कपाटात गेली. पुढल्या वर्षी जुईच्या वडिलांची पुन्हा बदली झाली. बाई त्याआधीच, निवृत्तीनंतरच्याच पावसाळ्यात, दुखणं उलटून गेल्या. शेवटी भेटलो तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, की त्या दिवशी एवढं का केलंत? त्यांच्या उशाशी पाटी होती. त्यांनी लिहिलं, 'माझ्यामुळे पोरगी खोटी गायली.' मग ते पुसून लिहिलं, 'पाठ ठेवा.'

पाठ मी ठेवले. इंटरनेटवर चढवले, कुठल्या कुठल्या शाळा ते लावतात असं कळतं. तिथली मुलं कोण समाधान, कोण बायजा म्हणून हसत असतील.

गेल्या मे महिन्यात सुट्टीतल्या कामासाठी मी शाळेत बसलो होतो. दारात एक तरुण बाई उभी राहिली, कडेवर मूल.

"सर, वळखलं का? मी येडगे. बायजा. भावाच्या लग्नाला आलेय."

मी खुर्ची दिली. ती इकडंतिकडं बघत होती. "बाई अजून हितंच हायत का ओ? म्हटलं भेटून जाऊ. मला लई ओरडायच्या नाहीत त्या."

मी सांगितलं. ती मुलाच्या टोपीचा बंद सोडत आणि बांधत राहिली. मग म्हणाली, "मी जाताना सांगून बी गेले न्हाई. त्या सुट्टीत नेलं मला."

"तू गेलीस हे त्यांना माहीत होतं. तुझ्या घरी येऊन गेल्या त्या." मग मी लॅपटॉप उघडला. "तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय त्यांनी."

पेटी वाजली, बाईंचा आवाज खोलीत आला. बायजा दचकली आणि मुलाला छातीशी धरून दाराकडं बघायला लागली. गाणं पुढं सरकलं. समाधानचं नाव आलं तेव्हा ती हसली.

"आता बायजा एकटी म्हणेल. दुसरी ओळ."

पेटी मंद वाजू लागली. मी म्हणालो, "म्हण. तुझीच जागा आहे." तिनं पदर सावरला, खुर्चीत ताठ बसली आणि बारीक आवाजात म्हणायला लागली. इतक्या वर्षांनी शब्द तिला सगळे येत होते. ओळीच्या शेवटाला आली, वरच्या सुरापाशी तिचा आवाज थरथरला आणि खाली उतरला. अगदी तिथंच.

"बायजा, उतरलीस बघ. घाबरू नको, पुन्हा म्हण."

बायजानं तोंडावर हात दाबला. पेटी तिच्यासाठी वाजत राहिली, बाई तिची ओळ पुरी व्हायची वाट बघत राहिल्या. मांडीवरचं मूल आईच्या गालाला हात लावून बघत होतं. तिला गाता आलं नाही. जागा तशीच रिकामी सरली, आणि बाई समाधानानं म्हणाल्या, "शाब्बास. आता बरोबर आलीस."